माझ्या नावाचं खातं

आमच्या मामंजींचं निपाणीत अडतीचं दुकान होतं. शेतकऱ्याच्या हातात पट्टी दिली की ते सांगायचे, "वाचून घे बाबा, मग सही कर." पट्टीवर अडत, हमाली, तोलाई वेगवेगळी मांडलेली असायची. आपल्या मालाच्या पैशातून कोण किती कापून घेतो हे माणसाला कळलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्या घरची मी सून. आणि माझ्याच नावाने रोज येणारी पट्टी मी अकरा महिने एकदाही उघडली नाही.

झालं असं. धाकट्याने शेअर बाजारात व्यवहार करायला माझ्या नावावर खातं उघडलं. त्याचं स्वतःचं एक होतंच. "आई, फक्त सही कर आणि मोबाईलवर नंबर येईल तो सांग," म्हणाला. मी सही केली, नंबर सांगितला, शाळेच्या नोकरीतून साठवलेले तीन लाखही दिले. सकाळी घेतलेले शेअर दुपारी विकायचे, असा त्याचा रोजचा उद्योग. पहिल्याच महिन्यात त्याने मला इरकल साडी आणली. मी ती नेसून बस्तीत गेले. कुणी विचारलं तर कौतुकाने सांगितलंही, "मुलाच्या कमाईची आहे."

रोज संध्याकाळी मेलवर कॉन्ट्रॅक्ट नोट यायची. मला वाटायचं, हे आपलं काम नव्हे. मुलगा शिकलेला आहे, तो बघतोय.

एके दिवशी तो जेवला नाही. दुपारी तीनला त्याला सौदा मिटवायचा होता आणि ब्रोकरचं ॲप उघडेना. नुसतं चाक फिरत राहिलं. फोन केला तर "आपण रांगेत आहात". सव्वातीननंतर त्यांच्या यंत्रणेने आपणहून, मिळेल त्या भावाला सौदा मिटवला आणि त्याबद्दल वर पन्नास रुपये व जीएसटी लावला. त्या रात्री मी म्हटलं, "चल, सगळ्या नोटा काढ. पहिल्यापासून वाचू."

दोन रविवार गेले. एक लाखाचे शेअर घेऊन त्याच दिवशी लाखालाच विकले, म्हणजे ना नफा ना तोटा, तरी काय पडतं ते मी वहीत लिहिलं. ब्रोकरेज घेताना वीस, विकताना वीस. विक्रीवर व्यवहार कर पंचवीस. बाजाराचं शुल्क सुमारे सहा. मुद्रांक शुल्क तीन. सेबीचे काही पैसे. ब्रोकरेज आणि शुल्कांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी आठ. एकूण ८२ रुपयांच्या वर. दिवसाला अशा सहा फेऱ्या, महिन्याला वीस दिवस, की ९,९०० रुपये होतात.

"अगं आई, वीस रुपयांत काय येतंय सांग की," असं तो नेहमी म्हणायचा. वीस रुपयांत काही येत नाही हे खरंच. म्हणून तर ते जाताना दिसत नाहीत. अकरा महिन्यांत सौद्यांतला तोटा निघाला चौदा हजारांचा, आणि सौदे करण्याचा खर्च एक लाखाच्या वर.

आमचंच नशीब खोटं, असंही नव्हे. सेबीने जुलै २०२४ मध्ये २०२२-२३ सालाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका दिवसात घेऊन विकणाऱ्या दहा जणांतले सात तोट्यात होते, आणि तोट्यात गेलेल्यांनी त्या तोट्याच्या वर सरासरी त्याच्या ५७ टक्के रक्कम खर्चापायी दिली होती. यंत्र अडकणं हेही नवीन नाही. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजारच सकाळी ११.४० ला बंद पडला, तो दुपारी ३.४५ ला सुरू झाला. मधल्या वेळात कितीतरी जणांचे सौदे ब्रोकरांनी मुंबई शेअर बाजारात मिटवून टाकले. ज्याने दीर्घकाळासाठी शेअर घेतलेत, त्याला अशा दिवसाचं फारसं काही नसतं. ज्याला आजच्या आज विकायचं आहे, त्याचे प्राण कंठाशी येतात.

पण मैत्रिणींनो, मला छळत राहिला तो वेगळाच प्रश्न. यात माझा दोष किती? सौदा मी केला नाही. कर म्हणूनही सांगितलं नाही. पाठशाळेत लहानपणी शिकलो ते आठवलं: कर्म तीन वाटांनी लागतं. कृत, कारित, अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, आणि केल्याला मनाने होकार देणं. पहिल्या दोन्हींतून मी सुटेनही. तिसरीतून कशी सुटणार? ती साडी मी नेसले होते ना. नफ्याच्या दिवशी "माझा मुलगा" आणि तोट्याच्या दिवशी "मला त्यातलं काय कळतंय", हे दोन्ही एका तोंडाने कसं म्हणायचं?

आपल्यापैकी कितीजणींच्या नावावर अशी खाती आहेत! घर नावावर, पॉलिसी नावावर, डीमॅट नावावर. आणि पासवर्ड नवऱ्याकडे नाहीतर मुलाकडे. आपण याला विश्वास म्हणतो. माझ्या बाबतीत तरी त्यात थोडा आळस होता आणि थोडा लोभ. वाचलं असतं तर विचारावं लागलं असतं, आणि विचारलं असतं तर येणारे पैसे थांबले असते. म्हणून मी वाचलं नाही. कबूल करायला जड जातं, पण आहे ते असं आहे. शिवाय मी दुसऱ्या महिन्यातच विचारलं असतं, तर पोराने तो तोटा एकट्याने पोटात ठेवला नसता.

ते खातं आम्ही बंद केलं. त्याचं त्याच्या नावावरचं आहे. तिथे काय करायचं ते तो ठरवील, मी वहिवाट सांगणारी नव्हे. एवढंच ठरलंय की महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो मला खर्चाची बेरीज मोठ्याने वाचून दाखवतो. गेल्या महिन्यात दोनच सौदे होते.

साडी कपाटात आहे. अजून नेसवत नाही.