हुंकार कोण देणार?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. सांगलीला आईकडे दिवसभर असणाऱ्या मावशींनी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ पाठवला. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली. समोर स्टुलावर टॅब्लेट उभा करून ठेवलेला आणि त्यात माझा धाकटा मुलगा ‘शुभं करोति’ म्हणतोय. तो सहा वर्षांचा असताना मी केलेलं ते रेकॉर्डिंग. आता तो नऊ वर्षांचा आहे. आई त्याला म्हणते, “अरे, हळू म्हण. गाडी सुटतेय का तुझी?” तो त्याच वेगात म्हणत राहतो. मग ती विचारते, “जेवलास का रे?” तो म्हणतच राहतो. संपल्यावर आई थोडा वेळ नुसती पडद्याकडे बघते. मावशी बोट लावून ते पुन्हा सुरू करतात.

खाली मावशींनी लिहिलं होतं, “बघा ताई, आजी नातवाशी किती छान बोलतात.”

त्यांनी ते कौतुकानेच पाठवलं होतं. आईही त्रासलेली दिसत नव्हती. तिला दोन वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे. समोरचा मुलगा आत्ता बोलतोय की तीन वर्षांपूर्वी बोलला होता, हा फरक तिला आता बहुधा कळत नाही. तिला बरं वाटतंय, मावशींना तेवढ्या वेळात पोळ्या करता येतात, आणि इथे न्यू जर्सीत मला मीटिंगला बसता येतं. मग त्यात वाईट काय? दिवसभर मी स्वतःला हेच विचारत होते आणि तरी तो व्हिडिओ मला पुन्हा बघवत नव्हता.

या टॅब्लेटचा आणि आमच्या घराचा संबंध जुना आहे. पहिला आयपॅड 2010 साली बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी आमची थोरली जन्मली. ती दोन वर्षांची झाली तेव्हा मला तिच्या मराठीची काळजी लागली. डेकेअरमध्ये दिवसभर इंग्रजी, घरी आम्ही दोघं दमून येणार, आणि आजी साडेदहा तास पुढे. मी एक युक्ती काढली. आईला सांगितलं, तू गोष्टी रेकॉर्ड करून पाठव, मी टॅब्लेटवर टाकते, म्हणजे तिला हवी तेव्हा आजी ऐकता येईल. आईने शेजारच्या मुलाला मदतीला घेऊन नऊ-दहा गोष्टी पाठवल्या आणि मग थांबली. मी विचारलं तर म्हणाली, “अगं, हुंकार कोण देणार? भिंतीला गोष्ट सांगितल्यासारखं वाटतं.”

आपल्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो, हे तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. “एक होता राजा.” “हं.” “त्याला दोन राण्या.” “हं.” हुंकार थांबला की माझी आजी गोष्ट थांबवायची, वाकून बघायची आणि अंगावर पांघरूण घालायची. आईचं म्हणणं मला तेव्हा जुन्या माणसाची कुरकुर वाटलं. ती जे म्हणत होती ते प्रयोगशाळांमध्येही तपासलं जात होतं, हे मला फार पुढे कळलं.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल यांनी केलेला एक प्रयोग 2003 साली प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना त्यांनी मँडरिन चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, त्यांनी पुस्तकं वाचली, खेळणी दाखवली. बारा बैठकींनंतर ही बाळं चिनी ध्वनींमधले बारीक फरक ओळखू लागली. दुसऱ्या गटाला तेच बोलणं, तीच खेळणी पडद्यावर दाखवली होती. ती बाळं चिनी कधीच न ऐकलेल्या बाळांइतकीच कोरी राहिली. एक परकी भाषा तान्ह्या कानात रुजवण्यासाठी आवाज पुरेसा नव्हता. समोर माणूस लागला.

म्हणजे दोष पडद्याचा, असं वाटेल. पण 2014 साली सारा रोझबेरी, कॅथी हर्श-पासेक आणि रोबर्टा गोलिंकॉफ यांनी दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं शिकवून पाहिली. काहींना समोरासमोर, काहींना व्हिडिओ कॉलवर, तर काहींना दुसऱ्याच मुलाशी झालेल्या कॉलचं रेकॉर्डिंग दाखवून. समोरासमोर शिकलेली मुलं शिकली आणि व्हिडिओ कॉलवरचीही शिकली. रेकॉर्डिंग पाहणारी मात्र शिकली नाहीत. पडदा दोन्हीकडे होता. कॉलवरची बाई मुलाने मान हलवली की हसत होती, त्याचं लक्ष गेलं की थांबत होती. रेकॉर्डिंगमधली बाई भलत्याच मुलाकडे बघून हसत होती. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 साली दीड वर्षाखालच्या मुलांना पडद्यापासून दूर ठेवा असं सांगितलं, तेव्हा व्हिडिओ कॉलचा अपवाद आवर्जून केला. ही सवलत वाचून आपल्यासारख्या किती घरांनी सुटकेचा श्वास सोडला असेल!

आणखी एक प्रयोग मला आवडतो. 2018 साली कूल यांच्याच गटाने नऊ महिन्यांच्या बाळांना टचस्क्रीनला हात लावून चिनी व्हिडिओ सुरू करायची सोय दिली. काही बाळं एकटी होती, काहींच्या जोडीला दुसरं बाळ. जोडीने पाहणाऱ्यांच्या मेंदूत भाषा शिकल्याच्या खुणा अधिक दिसल्या. दुसऱ्या बाळाला चिनी येत नव्हतं. ते नुसतं शेजारी होतं, एवढंच.

शाळांनी हा धडा महागात शिकला. लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांनी 2013 साली प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड द्यायची शंभर कोटी डॉलरहून मोठी योजना आखली. काही आठवड्यांत मुलांनी त्यावरची बंधनं मोडून हवं ते बघायला सुरुवात केली, अभ्यासक्रम धड तयार नव्हता, आणि 2014 च्या ऑगस्टमध्ये तो करार थांबवावा लागला. आधी वस्तू दिली आणि ती घेऊन काय करायचं हे मागाहून ठरवायचं ठेवलं. वाचनाचंही असंच गुंतागुंतीचं आहे. 2018 साली 54 अभ्यास एकत्र करून, पावणेदोन लाखांच्या आसपास वाचकांवरून निघालेला निष्कर्ष असा की माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर जास्त चांगला समजतो, पण कथा वाचताना असा फरक दिसत नाही. म्हणजे ‘टॅब्लेट चांगला की वाईट’ हा प्रश्नच फार ढोबळ आहे.

तरी मी तो प्रश्न अनेक वर्षं तसाच विचारत राहिले, कारण तो सोयीचा होता. टॅब्लेट वाईट ठरला असता तर दोष वस्तूचा होता. चांगला ठरला असता तर मी सुटले असते. मिशिगन विद्यापीठातल्या एका अभ्यासात आईवडिलांना आपल्या लहानग्यांबरोबर छापील पुस्तकं आणि टॅब्लेटवरची पुस्तकं वाचायला दिली होती. टॅब्लेटवर वाचताना गोष्टीबद्दलचं बोलणं कमी झालं आणि “ते बटण दाबू नको” हे वाढलं. ते वाचताना मला माझाच आवाज ऐकू आला. त्याच विद्यापीठातल्या जेनी राडेस्की यांच्या 2022 च्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना शांत करायला वारंवार फोन-टॅब्लेट देण्याचा आणि पुढे त्यांचे भावनिक उद्रेक वाढण्याचा संबंध दिसला. धाकट्याच्या बाबतीत मी हेच केलं आहे. ग्रोसरीच्या रांगेत, नवऱ्याचा फोन चालू असताना, आणि नेवार्क ते मुंबई विमानात तर न विचारताच. घरात दुसरा मोठा माणूस नसताना दोन मुलं वाढवणाऱ्या बाईला कुणी त्याबद्दल उपदेश करू नये असंही मला वाटतं. पण उपदेश नको म्हणजे प्रश्न नको असं होत नाही. मी त्याला टॅब्लेट देत होते, की माझ्याऐवजी टॅब्लेट देत होते?

आईच्या बाबतीत तर सुरुवात फार छान झाली होती. 2014 साली मी तिला टॅब्लेट नेऊन दिला तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती. भीत भीत शिकली, मग भजनं, पेपर, रेल्वेची तिकिटं, सगळं करू लागली. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलसमधल्या डेनिस पार्क यांच्या गटाने साठ ते नव्वद वयाच्या लोकांना दहा आठवडे, आठवड्याला पंधरा तास आयपॅड वापरायला शिकवलं होतं. घरी बसून सोपी कामं करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांची स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग सुधारलेला दिसला. मी हा अभ्यास मैत्रिणींना मोठ्या अभिमानाने सांगत असे. आपण काय लाभदायक भेट दिली! पण त्या अभ्यासातली माणसं वर्गात जात होती, त्यांना शिकवणारं कुणीतरी होतं, हे मी सांगताना गाळत असे.

मग आजार आला, आईचे कॉल अवघड झाले. तेच तेच प्रश्न, मधेच उठून जाणं, कधी मुलांना न ओळखणं. मुलं कंटाळू लागली आणि मी पुन्हा जुनी युक्ती काढली, फक्त उलट दिशेने. मुलांची रेकॉर्डिंग्ज पाठवायला लागले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना जवळच्यांचे आवाज आणि चित्रफिती ऐकवण्याचा उपचार 1990 च्या दशकापासून करून पाहिला जातो. कॉक्रेन या संस्थेने 2017 साली त्यावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, पण पुरावाच इतका तोकडा होता की उपयोग होतो की नाही हे ठरवता आलं नाही. म्हणजे इथे संशोधन माझ्यासाठी निर्णय घेणार नव्हतं.

एका मैत्रिणीने मला सरळ विचारलं, “त्यांना आनंद होतो ना? मग तुझी ही टोचणी म्हणजे तुझाच अहंकार नाही का?” या प्रश्नाला मी बरेच दिवस उत्तर देऊ शकले नाही. अजूनही ती पूर्ण चुकली असं मी म्हणणार नाही. पण मला एवढं दिसतं की संशोधन मोजतं ते समोरच्याला काय मिळालं हे. मी तिचं काय देणं लागते, हा हिशेब वेगळा आहे. देणेकरी विसरला म्हणून कर्ज फिटत नाही. आईने “जेवलास का रे?” विचारलं तेव्हा तिला उत्तर अपेक्षित होतं. ते मिळालं नाही हे ती क्षणात विसरली असेल, पण विचारलं तर होतं. तिला फरक कळत नाही म्हणून मी प्रश्नाला उत्तर देणं सोडलं, तर मी तिच्या आजाराचा फायदा घेते आहे. लहान मुलाला फरक कळतो, त्याचा मेंदू रेकॉर्डिंगकडून शिकायला नकार देतो. म्हाताऱ्या माणसाला तोही नकार देता येत नाही, म्हणून तिथे आपली जबाबदारी वाढते.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाची बातमी तुम्ही वाचली असेल. 2022 पासून तिथे संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करावा, माणसांनी एकमेकांशी बोलावं. मला त्या गावाचा हेवा वाटतो. पण आपल्याला तो मार्ग नाही. सांगलीचे संध्याकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात आमचे सकाळचे साडेआठ, आईशी बोलायची आमची एकमेव सोयीची वेळ. आमच्या घरात पडदा बंद करणं म्हणजे आईलाच बंद करणं. आपण परदेशी राहणाऱ्यांनी भोंगा वाजवायचा तर तो वेगळ्या गोष्टीसाठी, आता प्रत्यक्ष बोलायचं आहे हे सांगण्यासाठी.

मी रेकॉर्डिंग्ज बंद केलेली नाहीत. मावशींना पोळ्या करायच्या असतात आणि आईला तो आवाज आवडतो. पण शनिवारी आणि रविवारी सकाळी साडेआठला आम्ही टॅब्लेटसमोर बसतो, काही बोलायचं असो वा नसो. थोरली पंधरा मिनिटांत उठते, तिला मी आडवत नाही. धाकट्याला मी हुंकार म्हणजे काय ते सांगितलंय. आईला आता एकच गोष्ट येते, काऊ-चिऊची, आणि तीही मधेच हरवते. तो सिरियल खात खात हुंकार देतो, आणि ती हरवली की त्याच्या मोडक्या मराठीत पुढचं वाक्य सुचवतो.

परवाच्या शनिवारी ती अशीच मधे थांबली. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “ऐकतोयस ना रे?”

“हो आजी,” तो म्हणाला, “ऐकतोय. सांग.”