मापकाचे प्रामाण्य

जनरेटरच्या टाकीत बसवलेल्या सेन्सरला लिटर कळत नाहीत. फ्लोट वर-खाली होतो तसा त्याचा विद्युत रोध बदलतो. फ्लोट नसलेल्या प्रकारात दोन नळ्यांमध्ये चढणाऱ्या डिझेलनुसार धारिता बदलते. पॅनेलवर उमटणारा '१४० लिटर' हा आकडा त्या बदलावरून काढलेले अनुमान असते.

अनुमानाला व्याप्ती लागते. अमुक रोध असेल तेव्हा टाकीत अमुक डिझेल असतेच, असा नियम हाती हवा. कॅलिब्रेशन म्हणजे हा नियम त्या एका टाकीपुरता बांधणे. टाकी रिकामी आणि सपाट ठेवून शून्याची नोंद घेतात, मग मापाच्या कॅनने ठरावीक लिटर ओतत जातात आणि डिझेल स्थिरावले की दर टप्प्याचे वाचन टिपतात. टाकी सरळ चौकोनी असेल तर एरवी दोन टोकांच्या नोंदींवर भागते. आडव्या दंडगोल टाकीत मात्र पाव उंचीपर्यंत भरलेले डिझेल क्षमतेच्या २५ टक्के नसते, साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास असते. मधले टप्पे टाळणारा मिस्त्री वेळ वाचवतो आणि पुढच्या प्रत्येक वाचनात चूक पेरून ठेवतो.

सेन्सर खरा की खोटा हे कॅनने ठरवले; मग कॅन खरा कशावरून? नागार्जुनाने 'विग्रहव्यावर्तनी'त हाच पेच प्रमाणवाद्यांपुढे टाकला होता. प्रमेये, म्हणजे जाणायच्या गोष्टी, प्रमाणांनी, म्हणजे जाणण्याच्या साधनांनी, सिद्ध होत असतील, तर प्रमाणे कशाने सिद्ध होतात? दुसऱ्या प्रमाणांनी म्हणावे तर अनवस्था, म्हणजे न संपणारी साखळी. कशानेच नाही म्हणावे, तर सारे काही प्रमाणानेच सिद्ध होते हा मूळ दावा सुटतो.

न्यायसूत्रांतले उत्तर तराजूचे आहे. तराजूने वजन कळते, पण शंका आली की तराजूचीही परीक्षा होते. वात्स्यायनाने भाष्यात ते उलगडले: सोने तोलताना तराजू प्रमाण आणि सोने प्रमेय, त्याच सोन्याने दुसरा तराजू तपासताना सोने प्रमाण आणि तो तराजू प्रमेय. प्रमाण आणि प्रमेय या भूमिका आहेत, वस्तूंच्या जाती नव्हेत. उत्तर मार्मिक आहे, पण अर्धेच. सोन्याचे वजन आधी कुठल्यातरी तराजूनेच कळले होते.

कुमारिल भट्टाने साखळी सुरूच होऊ दिली नाही. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक कारण दिसेपर्यंत त्याला दुसऱ्याची साक्ष लागत नाही. पॅनेल पाहून जनरेटर चालू करणारा ऑपरेटर रोज असेच वागतो. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून कळते, मुख्यतः कृती सफल झाली की. एक लिटर डिझेलमागे साधारण तीन-चार युनिट वीज मिळते. मीटरवरचे युनिट आणि सेन्सरने दाखवलेली घट जुळली, तर सेन्सरवर विश्वास ठेवण्यास आधार मिळतो.

या वादात सेन्सर नैयायिकांच्या बाजूने साक्ष देतो. टाकीच्या तळाशी पाणी साचले की धारितेवर चालणारा सेन्सर फसतो, कारण पाण्याचा पराविद्युत स्थिरांक ८० च्या घरात आणि डिझेलचा जेमतेम २. कॅलिब्रेशनचा तक्ता बरोबर, तारा शाबूत, आकडा चुकीचा. आणि चुकीची खूण आकड्यात कुठेच नाही. न्यायाच्या भाषेत हा उपाधीचा दोष आहे: टाकीतला द्रव डिझेलच आहे, ही अट नियमात न सांगता शिरलेली असते. शास्त्रातले प्रसिद्ध उदाहरणही योगायोगाने इंधनाचेच. अग्नीवरून धुराचे अनुमान चुकते, कारण धूर ओल्या इंधनामुळे येतो. असा दोष बाहेरच्या परीक्षेशिवाय उघडा पडत नाही. डिपस्टिकच्या टोकाला पाणी दाखवणारी पेस्ट लावून तळ तपासावा लागतो.

कॅनचा प्रश्न तरीही उरतो. पेट्रोल पंपावरचे पाच लिटरचे माप वैधमापन खात्याच्या शिक्क्याचे असते, आणि तो शिक्का ज्या प्रमाण मापांवर उभा आहे ती शेवटी मीटरच्या व्याख्येपाशी पोहोचतात, कारण लिटर म्हणजे एक घन डेसिमीटर. १९८३ पासून मीटर प्रकाशाच्या वेगावरून ठरतो आणि त्या वेगाचा आकडा सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा ठरवून दिलेला आहे, मोजून काढलेला नाही. साखळी अशी सिद्धतेने न संपता संकेताने संपते. टाकी भरायला एवढे पुरते. नागार्जुनाला पुरले नसते.