घाई तुझी, दोष मोबाइलला

सागवानाचा तो वाडगा उतरवायला तुला अख्खा दिवस लागला. पटाशीला पुन्हा पुन्हा धार लावलीस. काठावरून बोट फिरवून पाहिलंस, जरा खरखर लागली की पुन्हा पॉलिश पेपर घेतलास. आणि फोटोला किती वेळ दिलास? चहाला उकळी येईपर्यंतही नाही. खाटेवर फुलाफुलांची चादर, चादरीवर वाडगा, डोक्यावर ट्यूबलाइट, समोरून फ्लॅश. झालं काम!

प्रदर्शनाच्या निवडीसाठीच पाठवला होतास ना तो फोटो? निवडणाऱ्याच्या हातात तुझा वाडगा जात नाही, फोटोच जातो. मग त्याला दिसलं काय? एक तपकिरी गोळा आणि त्यावर फ्लॅशचा पांढरा डाग. तुझा तो पातळ काठ कुठे गेला? सागाचे रेषे कुठे गेले? दिवसभराची मेहनत तू स्वतःच्या हातानं पुसून टाकलीस. आणि निवड झाली नाही की म्हणतोस, खेड्यातल्या कारागिराला कोण विचारतं!

वर तुझी कारणं तयार. ‘सर, माझा मोबाइल साधा आहे.’ नाचता येईना, अंगण वाकडं! बर्लिनच्या कलाशाळेत कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचा शिक्षक होता. स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यानं तो वर्षानुवर्षं कोंब, देठ, शेंगा टिपत राहिला. पाठीमागं साधा कागद, वर मऊ प्रकाश. १९२८ साली त्या फोटोंचं पुस्तक आलं आणि जग बघत राहिलं. तुझ्या खिशातला मोबाइल त्याच्या पेटीपेक्षा कमी आहे, असं माझ्या डोळ्यात बघून सांगशील?

‘यवतमाळात स्टुडिओ कुठे, सर?’ घराला खिडकी आहे ना? ती ट्यूबलाइट बंद कर. फ्लॅश बंद कर. एकच उजेड ठेव, खिडकीचा, आणि तो वस्तूच्या बाजूनं येऊ दे. ट्यूबचा निळसर उजेड आणि खिडकीचा उजेड एकत्र आले की सागाचा रंग बिघडतो, हे तुला मागंच सांगितलं होतं. ऊन थेट आत येतंय? खिडकीला पांढरं मलमल लाव. कापसाच्या जिल्ह्यात राहतोस आणि वारभर पांढरं कापड तुला मिळत नाही?

नीट ऐक. गोल वस्तूचा गोलपणा सावलीत असतो. एका अंगाला उजेड, दुसऱ्या अंगाला हळूहळू उतरत जाणारी सावली, तेव्हा पोट फुगलेलं दिसतं, मान बारीक दिसते. समोरून फ्लॅश मारलास की सावली मेली आणि गोल वस्तू चपटी झाली. सावली फारच काळी पडत असेल तर त्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा कर. याला पैसे लागतात? अक्कल लागते, आणि ती तुझ्याकडे आहे. म्हणूनच तर राग येतो.

‘लाखेचं काम चमकतं, सर, फोटो येतच नाही.’ सावंतवाडीच्या रंगीत लाकडी फळांवर चमक नसते का? चमक हवीच. पण फ्लॅशची चमक म्हणजे एक ठिपका, आणि मलमलीतून आलेल्या उजेडाची चमक म्हणजे अंगावरून उतरणारी लांब मऊ रेघ. त्या रेघेवरूनच बघणाऱ्याला कळतं की तुझा हात कुठे वळला. वस्तू थोडी फिरव, रेघ कुठे पडते ते बघ. बघितलंस कधी?

आणि ते मोबाइल वस्तूच्या नाकाला चिकटवणं थांबव. इतक्या जवळून काढलास की तोंड मोठं दिसतं आणि बूड बारीक. एवढ्या मापानं काढलेला घाट तू एका क्षणात वाकडा करतोस! दोन पावलं मागं सर, मग झूम कर. भिंतीवरून टेबलावर एकच चार्टपेपर वळवून सोड, मधे घडी नको. वाडग्याचा काठ आणि थोडं आतलं दिसेल इतक्याच उंचीवर मोबाइल टेकव. हात थरथरतो तर टायमर लाव. पांढऱ्या कागदावर फोटो करडा येतो? स्क्रीनवर बोट दाबून धर आणि उजेड थोडा वाढव. आधी लेन्स पूस. दिवसभर भुशात पडलेल्या मोबाइलची लेन्स तू शेवटची कधी पुसलीस?

सगळ्यात वाईट म्हणजे ते फिल्टर. साग नारिंगी करून टाकलास! गिऱ्हाईक तो रंग बघून पैसे देईल आणि हातात पडेल भलताच रंग. उद्या तान्ह्या पोळ्यासाठी कुणी तुझा लाकडी नंदी फोटोवरून मागवला आणि पोराच्या हातात दुसराच आला, तर त्या पोराला काय सांगशील? हा शुद्ध खोटेपणा आहे. खरादावर खोट चालत नाही तुला. मग इथे कशी चालते?

‘वेळ नाही, सर.’ १९३० साली एडवर्ड वेस्टननं एका ढोबळ्या मिरचीचा फोटो काढला. खायची साधी मिरची, पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेली. त्या फोटोचं नाव आहे ‘पेपर नंबर ३०’. त्या आकड्याकडे बघ. एका मिरचीसाठी माणूस एवढा झटतो आणि स्वतः घडवलेल्या वस्तूसाठी तुला वेळ नाही? वेळ आहे. मन नाही. तुला वाटतं, फोटो हे आपलं काम नव्हे, आपण कारागीर. अरे, बघणाऱ्यापर्यंत वस्तू पोचवणं हा तिच्या घडणीचाच शेवटचा भाग आहे. तो अर्धवट सोडलास तर वस्तू अर्धवट राहिली.

ज्याच्या हातात काहीच नाही, त्याला मी एवढं बोलत नसतो. उद्या सकाळी खिडकीशी बस. मोबाइल हलवून बघ, वस्तू फिरवून बघ, थर्माकोल पुढं-मागं करून बघ. आणि पहिलाच फोटो बरा आला म्हणून तो घेऊन धावत येऊ नकोस. पहिल्या फेरीतच वाडगा खरादावरून उतरवतोस का तू?