कशाची क्षमा?

गेल्या वर्षी क्षमावणीच्या दिवशी आमच्या बस्तीत जे झालं, त्यावर बेळगावातल्या आमच्या चार घरांत अजून बोलणं चालू आहे. पूजा आटोपली आणि रिवाजाप्रमाणे सगळे एकमेकांपुढे हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणू लागले. गर्दीतून डॉक्टरबाई माझ्या भाचीपुढे आल्या. हात जोडून हसल्या, म्हणाल्या, "उत्तम क्षमा हं." भाचीनं हात जोडले नाहीत. कडेवरचं नऊ महिन्यांचं पोर सावरत हळूच म्हणाली, "कशाची, ते सांगा. मग जोडते."

डॉक्टरबाई पुढे सरकल्या. आमची आक्का, म्हणजे तिची आई, शरमेनं मान खाली घालून उभी. घरी आल्यावर मीच भाचीला बोलले, "अगं, आजच्या दिवशी तरी?" ती काही बोलली नाही. पोराचा उजवा हात हळूहळू वर न्यायचा आणि खाली आणायचा, हा तिचा व्यायाम चालू होता. दिवसातून चार वेळा.

तो हात जन्मापासून लुळा. सातव्या महिन्यात फाईलमध्ये साखरेची तपासणी लिहिली होती. २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात, दोन तासांनी रक्त घेतात, आणि आकडा १४० किंवा त्यावर गेला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. भाचीची फक्त उपाशीपोटीची साखर तपासली. ती बरोबर आली आणि पुढच्या रकान्यात नुसती खूण झाली. उपाशीपोटीचा आकडा ठीक असूनही हा मधुमेह असू शकतो, हे आम्हाला ठाऊक नव्हतं, पण डॉक्टरांना ठाऊक असायला हवं ना? पुढे पोट फार मोठं दिसू लागलं. रात्री चार-चारदा उठून पाणी प्यायची. विचारलं तर "होतं असं." मीही शहाणी, 'बाळसेदार आहे हो' म्हणत डबाभर बेसनाचे लाडू पाठवले. ते लाडू मला आजही आठवतात.

बाळ सव्वाचार किलोचं. डोकं बाहेर आलं आणि खांदा आईच्या हाडामागे अडकला. ओढताना मानेपासून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आक्काच्या लक्षात आलं की पोर एकच हात हलवतंय. तिला सांगितलं, "झोपेत दबला असेल, होईल बरा." घरी जातानाच्या कार्डावर 'नॉर्मल डिलिव्हरी'. अडीच महिने आम्ही तेल चोळत बसलो. शेवटी परगावच्या बालरोगतज्ज्ञांनी हात पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "आईची साखर कधी तपासली होती?" असे पुष्कळ हात काही महिन्यांत आपोआप सुधारतात, पण जे सुधारत नाहीत त्यांच्या शस्त्रक्रियेचा विचार पहिल्या काही महिन्यांतच करावा लागतो. ते अडीच महिने म्हणूनच मोलाचे होते.

इथे एक गोष्ट न्यायानं सांगितली पाहिजे. खांदा बेताच्या वजनाच्या बाळाचाही अडकतो, आणि कधी काही चाहूल न लागता अडकतो. त्या वेळी डॉक्टरांच्या हाती मोजकी मिनिटं असतात. ओढलं नसतं तर पोर गेलं असतं. ज्या हातांनी त्याला जिवंत बाहेर काढलं, त्यांना मी दोष देत नाही, भाचीही देत नाही. तिचं भांडण सातव्या महिन्यातल्या त्या खुणेशी आहे, आणि 'झोपेत' या एका शब्दाशी आहे.

आमच्याकडे अशा वेळी एक वाक्य तयारच असतं, पूर्वकर्म. शेजारच्या काकू म्हणाल्या, आक्का म्हणाली, खोटं कशाला बोलू, मीही म्हणाले. दुःख सोसताना त्या वाक्याचा आधार वाटतो, हे खरं. पण एका रात्री भाचीनं विचारलं, "मावशी, बाळाचं कर्म बाळापाशी. मग ज्यांनी खूण केली त्यांचं कर्म कुठे गेलं?" मी निरुत्तर झाले. लहानपणी पाठशाळेत शिकलेलं मग आठवत बसले. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादापासून सुरू होते. बेसावधपणाचाही हिशोब आपल्याकडे इतका कडक ठेवलाय! चालताना चार हात जमीन बघून पाय टाका म्हणणारा धर्म, तपासणीच्या रकान्यावरून डोळे मिटून पुढे जा कसं म्हणेल? आणि आलोचना म्हणजे तरी काय? झालेला दोष नाव घेऊन, काही न लपवता सांगायचा. 'जाणता-अजाणता काही झालं असेल तर' असं मोघम म्हणून वर्षाचं खातं मिटवायची सोय आपणच करून घेतली. मीदेखील कितीतरी जणींना तसंच म्हणत आले आहे.

'भर, पैसे मागणार का?' असंही लोकांनी विचारलं. जणू तो व्यायाम, त्या परगावच्या फेऱ्या कुणी फुकट देतं. पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९९५ साली दिला. तक्रारीला मुदत दोन वर्षांची. आणि आपली कागदपत्रं लेखी मागितली तर ७२ तासांत द्यावीत, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचाच २००२ चा नियम आहे. हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मुलींना बाळंतविडा देताना हेही सांगायला हवं होतं.

या जूनमध्ये भाचीनं अर्ज दिला. मी बरोबर गेले होते. तिसऱ्या दिवशी कागद मिळाले. त्यात प्रसूतिगृहातलं त्या रात्रीचं पान होतं. बाईंच्याच अक्षरात लिहिलेलं, खांदा अडकला, चार मिनिटं. म्हणजे त्यांना माहीत होतं. त्या रात्री खरं लिहिलं होतं, सकाळी सांगितलं मात्र नाही. भाची ते पान वाचून खूप रडली, आणि मग मला म्हणाली, "एवढंच तर त्यांनी तोंडानं सांगायला हवं होतं."

पोर आता वीस महिन्यांचं आहे. हात खांद्यापर्यंत येतो, त्याच्या वर नाही. देवापुढे 'जय जय कर' म्हटलं की डावा हात उजव्यापाशी नेऊन जोडतो. दोन वर्षांची मुदत डिसेंबरात संपते. तक्रारीचा कागद तयार आहे, भाचीनं तो अजून दिलेला नाही. क्षमावणीपर्यंत थांबते म्हणाली. आक्का म्हणते, यंदा बस्तीत जायलाच नको. मी जाणार आहे, आणि भाचीच्या शेजारीच उभी राहणार आहे.