पोथीतला बिभीषण, पारावरचा बिभीषण

लोणी देवकर हे पुणे-सोलापूर महामार्गावरचं गाव. शिवारात ऊस, एका अंगाला उजनीचा फुगवटा, गावालगत एमआयडीसी. अशा गावात बांधाचा वाद निघाला की एक भाऊ दुर्योधन ठरतो. सुईच्या टोकावर मावेल एवढीही माती तो सोडत नाही. मध्ये पडणाऱ्याची कृष्णशिष्टाई होते, काड्या लावणारा कळीचा नारद, वाईट सल्ला देणारा शकुनीमामा. हे सगळं बोलायला कुणाला महाभारत वाचावं लागलेलं नाही. ते कानांनी आलेलं आहे.

संस्कृत ग्रंथ मूठभरांच्या हाती होते. १२९० मध्ये ज्ञानेश्वरीने गीता मराठीत आणली, १५७३ मध्ये एकनाथांनी भागवताचा अकरावा स्कंध. पण पुराणकथा घरोघर नेली ती पुढे श्रीधरांनी. नाझऱ्याच्या या कवीचा ‘रामविजय’ १७०३ चा, ‘पांडवप्रताप’ १७१२ चा. एकाने पोथी वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, हा चातुर्मासाचा शिरस्ता त्यांच्या ओव्यांवर पोसला. आपल्याच बारामतीत मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आख्ख्या महाभारताच्या आर्या रचल्या आणि कीर्तनकारांनी त्या उचलल्या. तुकोबांची पालखी बारामती, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापुरात येते, तेव्हा मुक्कामाच्या कीर्तनात या कथा अजूनही रंगतात.

इथे इंग्लंडशी तुलना केली तर एक फरक दिसतो. तिथे १६११ चं बायबल छापील होतं. एकच मजकूर पिढ्यान्‌पिढ्या चर्चमध्ये वाचला गेला, म्हणून त्यातले शब्दसमूह जसेच्या तसे बोलण्यात उतरले. आपल्याकडे कथेकऱ्यागणिक शब्द बदलत राहिले. ऐकणाऱ्याच्या ध्यानात ओळीपेक्षा माणूस राहिला. म्हणून आपले धार्मिक वाक्प्रचार बरेचसे माणसांच्या नावांचे आहेत: कुंभकर्णाची झोप, सुदाम्याचे पोहे, द्रौपदीची थाळी, भगीरथ प्रयत्न. मूळ ग्रंथात नसलेल्या गोष्टीही त्यांत मिसळून गेल्या. लक्ष्मणरेषा वाल्मीकीच्या रामायणात नाही, आणि तरी ती प्रत्येक घरात आखलेली असते.

गोष्ट ओठांवर आली की तिच्यावर ऐकणाऱ्याचा अधिकार चालतो. कीर्तनकार ज्या गादीवर उभा राहतो ती नारदाची. त्याच नारदाला श्रोते घरी जाऊन भांडणं लावणारा ठरवतात. याहून बोलका निवाडा रावणाच्या भावांचा आहे. सीता परत दे, असं बिभीषणाने सांगितलं. कुंभकर्णानेही रावणाला त्याची चूक दाखवली. ऐकून न घेतल्यावर बिभीषण रामाकडे गेला. कुंभकर्ण भावासाठी लढून मेला. पोथीत बिभीषण रामभक्त, लंकेचा राजा. पारावर मात्र तो घरभेदी, आणि कुंभकर्णाची उरली फक्त झोप.

असं का व्हावं? पोथी ऐकणारा समाज भावकीत राहणारा होता. जमीन सामाईक, विहिरीच्या पाळ्या ठरलेल्या, घराची अब्रू एकत्र. तिथे कोण बरोबर बोलला यापेक्षा कोण घर सोडून गेला, हे महत्त्वाचं. ग्रंथाने धर्माच्या बाजूने निकाल दिला, वाक्प्रचाराने कुटुंबाच्या. अशा शब्दांना आपण धर्मग्रंथांची देणगी समजतो, पण त्यांत ग्रंथापेक्षा ऐकणाऱ्यांची समाजरचना जास्त आहे.

१९८७ साली रामायण दूरदर्शनवर आलं आणि सगळ्यांना एकच कथा, एकाच चेहऱ्यांची दिसू लागली. तरीही जुना निवाडा बदललेला नाही. निवडणुकीच्या हंगामात पक्षात वेगळं मत मांडणारा आजही बिभीषणच ठरतो. आमिषासाठी फुटलेल्याला तो शब्द लावला तर तो बिभीषणावर अन्याय आहे. आणि चूक दाखवणाऱ्याला लावला, तर बोलणाऱ्याने रावणाची बाजू घेतली आहे, हे त्याने ओळखून असावं.