हेतू आणि परिणाम यांच्यामधली जागा

1860 च्या भारतीय दंडसंहितेत कलम 81 खाली एक उदाहरण छापलेले होते. आगबोटीच्या कप्तानाला अचानक कळते की, बोट थांबवण्याआधीच ती समोरच्या होडीवर आदळणार. होडीत 20-30 माणसे आहेत. बोट वळवावी तर दुसऱ्या होडीला धोका. तिच्यात दोघेच आहेत आणि ती कदाचित निसटेलही. कप्तानाकडून आधी कसलीही हयगय झालेली नाही. दोघांना बुडवण्याचा हेतू नसताना, बाकीच्यांना वाचवण्यासाठी त्याने सद्भावनेने बोट वळवली आणि ती होडी सापडली, तर कायदा त्याला गुन्हेगार मानत नाही. मात्र टाळायचे संकट हा धोका पत्करण्याइतके मोठे होते, हे ठरावे लागते. कलम 92 खाली तर वाघ माणसाला उचलून नेतो आहे, आणि गोळी त्या माणसालाच लागण्याची शक्यता ठाऊक असूनही त्याला वाचवायला कुणीतरी वाघावर बंदूक झाडतो; तोही गुन्हेगार ठरत नाही. आता लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेतही हा विचार कायम आहे.

या दोन्ही उदाहरणांत ‘ठाऊक होते’ आणि ‘हेतू होता’ या गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत. दंडसंहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेच्या आयोगाने ही कल्पना चर्चकडून उचलली, असे मी म्हणत नाही. पण कॅथलिक नीतिविचारात ती त्याआधी सुमारे सहाशे वर्षे नांदत होती, आणि तिथे तिचे जे झाले ते समजून घेण्यासारखे आहे.

सुरुवात एका अडचणीतून झाली. संत ऑगस्टीन यांना स्वसंरक्षणासाठी केलेली हत्या पटत नव्हती. सैनिकाने किंवा अधिकाऱ्याने कर्तव्य म्हणून शस्त्र चालवणे निराळे. पण साध्या माणसाने आपला जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचा घ्यावा, यात त्यांना नश्वर आयुष्याची आसक्ती दिसत होती. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांच्यापुढे ऑगस्टीन यांचा हा शब्द होता, आणि दुसरीकडे हल्लेखोराला अडवण्याचा माणसाचा स्वाभाविक हक्कही होता. ‘सुम्मा थिओलॉजिए’च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धात, 64 व्या प्रश्नाच्या सातव्या कलमात, त्यांनी वाट काढली. एका कृतीचे दोन परिणाम असू शकतात. त्यातला एक कर्त्याच्या हेतूत असतो, दुसरा हेतूबाहेर घडतो. स्वतःला वाचवणे हा हेतू, हल्लेखोराचे मरण हेतूबाहेरचे. लगेच त्यांनी अटही घातली: गरजेपेक्षा जास्त बळ वापरले, तर चांगल्या हेतूनेही ती कृती वाईटच ठरते. पुढच्या काळात या अटीकडे जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिले गेले नाही, असे मला वाटते.

तर्काच्या बाजूने हा भेद टिकतो का, ते पाहू. मला ‘क’ हवे आहे. ‘क’ केले की ‘ख’ होणारच, हे मला ठाऊक आहे. यावरून मला ‘ख’ हवे आहे, असा निष्कर्ष निघतो का? निघत नाही. केमोथेरपी देणाऱ्या डॉक्टरला रुग्णाचे केस गळणार हे अनेकदा पक्के माहीत असते. पण केस गळले नाहीत म्हणून उपचार फसले, असे कोणी म्हणणार नाही. ज्याला साध्य हवे त्याला साधनही हवे असते, हे खरे. परंतु साधनामागून येणारी प्रत्येक गोष्ट साधन नसते. म्हणून विचारायचा प्रश्न असा: तो वाईट परिणाम झालाच नसता, तर तुमचा बेत कोसळला असता का?

याच्या उलटा निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे. ‘ख’ माझ्या हेतूत नव्हते, म्हणून ‘ख’ची जबाबदारी माझी नाही, हेही सिद्ध होत नाही. कारखान्याच्या धुराने वस्तीतल्या मुलांना दमा लागावा, अशी मालकाची इच्छा नसते. तरीही जबाब त्यालाच द्यावा लागतो. या कल्पनेचा पुढचा इतिहास मला तरी या दोन घाईच्या निष्कर्षांशी चाललेल्या झगड्याचा वाटतो.

सतराव्या शतकात दुसऱ्या चुकीने जोर धरला. पापकबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी लिहिलेल्या मार्गदर्शक ग्रंथांतून काही लेखक ‘हेतू वळवण्याची’ सोय सांगू लागले. सूड घेण्यासाठी द्वंद्व खेळणे पाप; पण मन अब्रू राखण्याकडे वळवले की तीच तलवार चालते! फ्रेंच विचारवंत पास्कालने 1656-57 मधल्या आपल्या ‘प्रॉव्हिन्शियल लेटर्स’मधून जेझुइट लेखकांच्या या युक्तीवर हल्ला चढवला. सगळ्या जेझुइटांना तो न्याय देत नाही. तरी त्याचा रोख बरोबर जागी होता. पोप इनोसंट अकरावे यांनी 1679 मध्ये अशी 65 शिथिल मते निषिद्ध ठरवली. खोटी बदनामी टाळण्यासाठी प्रतिष्ठित माणसाने बदनामी करणाऱ्याला मारण्याची मुभाही त्यांत होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जाँ-पिएर ग्युरी या फ्रेंच जेझुइटाने आपल्या पाठ्यपुस्तकात हे तत्त्व नेटक्या रूपात बसवले. कृती मुळात वाईट नसावी, हेतू फक्त चांगल्या परिणामाचा असावा, चांगले हे वाईटाच्या द्वारे साधलेले नसावे, आणि वाईट होऊ देण्याइतके गंभीर कारण असावे.

पहिली चूक इंग्लंडमध्ये झाली. तत्त्वज्ञ हेन्री सिजविक यांनी 1874 मध्ये लिहिले की, नीतीचा विचार करताना आधी कळलेले सगळे परिणाम हेतूतच धरावेत. त्यामागे प्रामाणिकपणा होता, कुणी पळवाट काढू नये ही इच्छा होती. पण त्यामुळे जबाबदारी आणि हेतू एकाच पोत्यात गेले. सगळेच परिणाम सारखे म्हटल्यावर उरते ती फक्त बेरीज-वजाबाकी. आणि पुरेसा मोठा फायदा दाखवता आला की कोणतेही कृत्य चालून जाते.

या बेरीज-वजाबाकीला सर्वांत कडवा विरोध एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम यांनी केला. 1956 मध्ये ऑक्सफर्डने अणुबॉम्ब टाकण्याचा आदेश देणारे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना मानद पदवी द्यायचे ठरवले, तेव्हा या कॅथलिक तत्त्वज्ञ बाई विद्यापीठाच्या सभेत विरोधाला उभ्या राहिल्या. हिरोशिमा आणि नागासाकीत माणसांचे मरण हा बॉम्बचा आनुषंगिक परिणाम नव्हता. शरणागती मिळवण्याचे ते साधन होते. माणसे मेली नसती, तर बेत फसला असता. पुढच्याच वर्षी त्यांचे ‘इंटेन्शन’ हे छोटे पुस्तक आले. मला त्यांच्याविषयी सर्वाधिक आदर वाटतो तो मात्र 1961 च्या ‘वॉर अँड मर्डर’ या निबंधासाठी, कारण तिथे त्यांनी स्वतःच्याच धर्मबंधूंना धारेवर धरले. शहरावर बॉम्ब टाकताना मनाशी ‘मला फक्त कारखाना पाडायचा आहे’ असे म्हटले की हेतू बदलत नाही, असे त्यांनी बजावले. हेतू म्हणजे मनातले भाषण नव्हे. तुम्ही काय करता आहात आणि कशासाठी, याला मिळणारे खरे उत्तर म्हणजे हेतू.

त्या सुमारास रुग्णालयांतही हा प्रश्न उभा होता. 24 फेब्रुवारी 1957 रोजी पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर दिले: दुसरा उपाय नसेल, तर असह्य वेदना शमवण्यासाठी औषध देणे चालते, त्याने आयुष्य कमी होणार असले तरी. काही आठवड्यांतच लंडनमध्ये डॉक्टर बॉडकिन अ‍ॅडम्स यांच्यावरील रुग्णाच्या खुनाच्या खटल्यात न्यायमूर्ती पॅट्रिक डेव्हलिन यांनी पंचांना जवळपास हेच समजावले. डेव्हलिन तरुणपणी काही काळ डॉमिनिकन या कॅथलिक धर्मसंघात राहिले होते, आणि थॉमस अक्वायनस त्याच संघाचे. मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरी परिसरात 1986 पासून चालणाऱ्या शांती आवेदना सदनात कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांची सेवा होते. अशा ठिकाणी हा विचार रोजच्या कामाचा भाग असतो. आज वेदनाशमनाचे डॉक्टर सांगतात की, बेताने वाढवत दिलेले मॉर्फिन सहसा आयुष्य तोडत नाही. म्हणजे ज्या उदाहरणावर हे तत्त्व शिकवले जाते, तिथे बहुतेक वेळा त्याची गरजही नसते. तरी घरचे लोक ‘आम्हीच तर मारले नाही ना?’ असे विचारतात, तेव्हा त्यांना या भेदाशिवाय दुसरे खरे उत्तर मला माहीत नाही.

अवघड टीका 1967 मध्ये आली. अ‍ॅन्स्कम यांच्या मैत्रीण आणि स्वतः नास्तिक असलेल्या फिलिपा फूट यांनी गुहेचे उदाहरण दिले. एक जाडजूड माणूस तोंडाशी अडकला आहे, पाणी चढते आहे, आतल्यांकडे सुरुंग आहे. सुरुंग लावून ते म्हणाले, ‘आम्हाला त्याचे मरण नको होते, फक्त त्याचे तुकडे व्हायला हवे होते,’ तर? हे हास्यास्पद आहे, पण का, ते सांगणे सोपे नाही. तत्त्वज्ञ जोनाथन बेनेट यांनी तर दाखवले की, दहशतीसाठी बॉम्ब टाकणाऱ्यालाही लोक खरेच मरायला नको असतात. युद्ध संपेपर्यंत ते मेल्यासारखे दिसले तरी पुरे! बेत कशाने फसतो, हा प्रश्न एकटा पुरत नाही, हे इथे मान्य करावे लागते. हेतूची सीमा किती बारीक कापायची, यावर अजून एकमत नाही.

म्हणून मला थॉमस यांच्या त्या दुर्लक्षित अटीकडे परत जावेसे वाटते. ग्युरी यांच्या चौथ्या अटीत चांगल्या-वाईट परिणामांचे वजन करायचे असते. थॉमस यांचे माप वेगळे होते: या साध्यासाठी इतके बळ लागतच होते का, याहून कमी हानीत भागले असते का? अमेरिकी राजकीय विचारवंत मायकेल वॉल्झर यांनी 1977 च्या ‘जस्ट अँड अनजस्ट वॉर्स’मध्ये जवळपास तेच मागितले. निरपराधांचे मरण हेतूत नाही, एवढे पुरत नाही. ते कमी करण्याचाही हेतू हवा, आणि त्यासाठी सैनिकाने स्वतःवर धोका घ्यायला हवा. त्यांनी उदाहरण दिले ते दुसऱ्या महायुद्धातल्या स्वतंत्र फ्रान्सच्या वैमानिकांचे, ज्यांच्यात पुढे पंतप्रधान झालेले पिएर मेंदेस फ्रान्स होते. नाझींच्या ताब्यातल्या आपल्याच देशात बॉम्ब टाकताना नेम अचूक लागावा म्हणून ते फार खालून उडत. त्यामुळे त्यांच्यावरचा धोका वाढे. तरीही काही नागरिक मरतील, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या मनात काय चालले होते, ते बाहेरच्याला तपासता येणार नाही. पण उंची कमी केली होती की नव्हती, हे तपासता येते. आणि अ‍ॅन्स्कम मागत होत्या ते उत्तर त्यातून मिळते.