शिमोनाचे नाव

मत्तय 26:6 मध्ये आपला प्रभू बेथानीस 'कुष्ठरोगी शिमोन' याच्या घरी आहे. शिमोन तोवर बरा झालेला असावा. एरवी त्याच्या घरी पंगत कशी बसती? रोग गेला, नाव राहिले.

व्यवसायोपचाराच्या विद्यार्थ्याला हा रोग पाठ्यपुस्तकात भेटतो. तेथे संज्ञा नेमक्याच हव्यात. कोपरापाशी अल्नर मज्जातंतू निकामी झाला की करंगळी व अनामिका वाकतात, त्यांची संवेदना जाते. याला 'क्लॉ हँड' म्हणतात. औषधाने जंतू मरतात, पण बोटे सहसा तशीच राहतात. मग कपाला कापड गुंडाळून चटका न बसता तो कसा धरावा, हे रुग्णाला शिकवणे त्या विद्यार्थ्याचे काम. पण क्लॉ म्हणजे पशुपक्ष्यांचा नख्यांचा पंजा! हाताचे वर्णन माणसाचे नाव व्हायला कितीसा वेळ लागतो?

आम्हा भाषांतरकारांनी तरी काय केले? लेवीय 13 व 14 मध्ये वस्त्रांवरील आणि घराच्या भिंतींवरील चट्ट्यांनाही तोच इब्री शब्द आहे. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी 1873 मध्ये ज्याचा जंतू शोधला, तो रोग भिंतींना होत नाही. तरीही आम्ही 'कुष्ठ' लिहिले, आणि व्यवस्थेतले 'अशुद्ध' हे विशेषण नकळत आजच्या रुग्णाच्या माथी आले.

इतरत्र मी 'कुष्ठरोग झालेला मनुष्य' असे लिहितो. शिमोनापाशी मात्र लेखणी अडते. ते विशेषण मूळ ग्रीक वचनातच आहे. ते गाळावे तर वचनाशी अप्रामाणिकपणा, ठेवावे तर त्या यजमानाशी. अद्याप मी ते ठेवले आहे.